मालवणला मासे मोजायला निघालात? जळगाव-धुळ्याहून जाणाऱ्यांसाठी रीफ (प्रवाळ खडक) सर्व्हेची पूर्ण पद्धत

झूलॉजीच्या पोरांचे प्रवाळावरचे प्रोजेक्ट रिपोर्ट मी बरीच वर्षं तपासतोय आणि जवळजवळ प्रत्येकात एक ओळ असतेच, "येथे विपुल प्रमाणात रंगीत मासे आढळले". विपुल म्हणजे किती भो? किती जागेत, किती वेळात, कोणी मोजले? फोटो दोनशे आणि आकडा एकही नाही. पोरं आळशी असतात असं नाही, उलट रात्रभर प्रवास करून जातात, पण पाण्यात उतरल्यावर काय आधी आणि काय नंतर हे माहीत नसतं, आणि तिथेच सगळं बिघडतं. म्हणून हे क्रमाने लिहितोय. क्रम बदलू नका, बाकी आपापल्या सोयीने करा.

१. आधी प्रश्न ठरवा, मग जागा

"प्रवाळ आणि मासे यांचा अभ्यास" हा प्रश्न नाही, मथळा आहे. प्रश्न असा पाहिजे: जिथे जिवंत प्रवाळ जास्त आहे तिथे फुलपाखरू मासे जास्त दिसतात का? किंवा किल्ल्याच्या आडोशाची बाजू आणि उघडी बाजू यात फरक आहे का? एका वाक्यात मावला नाही तर अजून ठरलेला नाही असं समजा.

जागेचं म्हणाल तर आपल्याला खान्देशातून दोनच जागा परवडतात. पहिली मालवण, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूला. इथे लक्षद्वीपसारखी मोठी प्रवाळ भिंत नाही, खडकावर तुकड्या-तुकड्याने वाढलेलं प्रवाळ आहे, टर्बिनारिया, पोराइट्स वगैरे, पण शिकायला भरपूर आहे. कुडाळ स्टेशनला उतरून जाता येतं. दुसरी जागा जामनगरजवळचं नरारा, कच्छच्या आखातात. नंदुरबार, अमळनेरवाल्यांना हे सोयीचं पडतं, सुरतेची लाईन दारातच आहे आणि पुढे गुजरातची गाडी. नराराला पोहता येत नसलं तरी चालतं, ओहोटी लागली की रीफ उघडी पडते आणि डबक्या-डबक्यातून चालत बघता येतं. मात्र तिथे पुढे सांगितलेली टेपवाली मासे मोजणी जशीच्या तशी जमणार नाही, प्रत्येक डबकं हाच एक नमुना धरावा लागतो. लक्षद्वीपला एन्ट्री परमिट लागतं आणि खर्चही तसाच. आंग्रिया बँक हा पाण्याखालचा प्रवाळी उंचवटा समुद्रात खूप आत आहे, कॉलेज प्रोजेक्टसाठी तिचं नाव काढू नका.

२. परवानगी आणि तिथी

मालवण सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालंय, क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, आणि किल्ल्याभोवतालचा भाग त्याच्या गाभा क्षेत्रात येतो. स्नॉर्केलिंगचं (तोंडात नळी धरून, तरंगत पाण्यात बघण्याचं) तिकीट काढलं म्हणजे संशोधनाची परवानगी मिळाली असं होत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम २८ प्रमाणे अभयारण्यात वैज्ञानिक अभ्यासासाठी मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, अर्ज कॉलेजच्या लेटरहेडवर करायचा आणि निदान तीन-चार महिने आधी करायचा. नराराचा अर्ज गुजरात वन विभागाकडे.

सावधान: रीफ बांधणारं सगळं कठीण प्रवाळ या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीत. किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडासुद्धा "कॉलेजच्या म्युझियमसाठी" बॅगेत टाकू नका. नमुना गोळा न करता हा सगळा अभ्यास होतो.

आता तिथी. आपण तापीकाठचे, आपल्याला पाणी एकाच दिशेने वाहतं एवढंच माहीत. समुद्रात दिवस ठरवताना कॉलेजची सुट्टी बघायची नसते, पंचांग बघायचं असतं. कोकणातला जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. एकादशी असेल तर अकराची पाऊणपट सव्वाआठ, म्हणजे सकाळी सव्वाआठच्या आसपास पूर्ण भरती, आणि साधारण सहा तासांनी ओहोटी. हा अंदाज झाला, नंतर छापील किंवा ऑनलाईन भरतीच्या तक्त्याशी ताडून बघायचा, आणि मुख्य म्हणजे हा हिशेब कोकणपट्टीचा आहे, कच्छच्या आखातात लावायला जाऊ नका.

अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं, ओढ जास्त आणि गाळ उठलेला. अष्टमीच्या आगेमागे भांग असते, पाणी कमी हलतं. म्हणून मालवणसाठी मी दशमी ते द्वादशी धरतो, ओढ अजून फार वाढलेली नसते आणि सकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यान भरती भरते, त्या वेळी समुद्राचं स्वच्छ पाणी आत आलेलं असतं. महिना नोव्हेंबर ते फेब्रुवारी. नराराला उलटं, तिथे चांगली खोल ओहोटी पाहिजे म्हणून अमावस्या-पौर्णिमेचेच दिवस.

तपासा: निघायच्या आधी एका कागदावर तिथी, भरतीची वेळ, ओहोटीची वेळ आणि पाण्यात उतरायची वेळ लिहिलेली आहे का? नसेल तर तिकीट काढू नका.

३. सामान, जे जळगावातच मिळतं

फायबरची मोजपट्टी घ्या, शेत मोजायची असते ती, १०० मीटरची, नाहीतर ५० च्या दोन. पहिल्या वर्षी मी घरची लोखंडी टेप घेऊन गेलो होतो, दुसऱ्या दिवशी सकाळी ती उघडेचना, गंजाने गुळासारखी चिकटून बसली होती.

लिहायला पांढरी पीव्हीसी शीट, वहीच्या अर्ध्या पानाएवढी, तिला बारीक पॉलिश पेपर मारून खरखरीत करा म्हणजे पेन्सिल उमटते. पेन्सिल दोरीने शीटला बांधा, आणि दोन बांधा, एकीचं टोक तुटतंच. तक्त्याच्या रेषा घरीच परमनंट मार्करने आखून न्या.

क्वाड्रॅट म्हणजे एक मीटर बाय एक मीटरची चौकट. आपल्याकडे पीव्हीसी पाईप आणि एल्बो गल्लोगल्ली मिळतात, अर्ध्या इंचाचे घ्या. इथे दोन चुका ठरलेल्या. एक, पाईप बरोबर एक मीटर कापतात आणि एल्बो लावल्यावर आतलं माप बदललेलं कोणी बघत नाही. सोल्युशन लावायच्या आधी नुसतं जोडून आतून मोजा, मग पाईप कमी-जास्त करा. दोन, पाईपला भोकं पाडत नाहीत, मग आत हवा राहते आणि चौकट वर तरंगते आणि पोरगं तिला दाबून धरता धरता प्रवाळावर पाय देतं. प्रत्येक बाजूला ड्रिलने पाच-सहा भोकं पाडा, पाणी भरलं की आपोआप बसते.

आणि एक ओळंबा. गवंड्याचा मोठा नको, दीड मीटर बारीक दोरीला एक जाड नट बांधला तरी झालं. याशिवाय थर्मामीटर, मास्क, स्नॉर्केल, फिन्स आणि प्रत्येकाला लाईफ जॅकेट.

४. घरची तालीम

हा टप्पा सगळे गाळतात आणि मला विचाराल तर अख्ख्या कामात हाच महत्त्वाचा.

पाण्याखाली मास्कमधून वस्तू साधारण एक तृतीयांश मोठी दिसते, म्हणजे ३० सेंटीमीटरचा मासा ४० चा वाटतो. आता माशाचं वजन लांबीवरून काढतात आणि ते लांबीच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढतं. लांबी फक्त २० टक्के जास्त धरली तर १.२ चा घन १.७३, वजन ७३ टक्के जास्त निघालं. एवढ्या चुकीत दोन जागांमधला खरा फरक कुठल्या कुठे बुडून जातो.

उपाय सोपा आहे. जुन्या फ्लेक्सचे किंवा प्लास्टिक शीटचे मासे कापा, ५ पासून ४० सेंटीमीटरपर्यंत, वीस-पंचवीस नग, मागे बारीक अक्षरात खरी लांबी लिहा. स्विमिंग पूल असेल तर उत्तम, नाहीतर पायऱ्यांची, स्वच्छ पाण्याची विहीर. दोरीला वजन बांधून हे मासे वेगवेगळ्या खोलीवर सोडा आणि मास्क लावून दोन मीटरवरून अंदाज लिहा, वर येऊन ताडा. पहिल्या दिवशी सगळे मोठेच लिहितात. पाच-सहा दिवसांनी दहापैकी आठ अंदाज बरोबर गटात पडले की तुम्ही तयार. गट असे ठेवा: ५ पर्यंत, ६ ते १०, ११ ते २०, २१ ते ३०, ३१ ते ४०, त्यापुढे.

सावधान: "मी लहानपणापासून विहिरीत सूर मारतो" हे इथे कामाचं नाही. विहिरीत आपण सायकल मारल्यासारखे पाय खाली मारतो, रीफवर तसं केलं की खालचं प्रवाळ मोडतं आणि गाळ उठतो. आडवं, चेहरा पाण्यात, पाय मांडीतून सावकाश हलवत वीस मीटर जाता आलं पाहिजे. आणि विहिरीवर एकट्याने जायचं नाही, काठावर दोर घेऊन एक जण उभा पाहिजेच.

रुंदीची तालीम कोरड्यावर. शेताच्या बांधावर २० मीटर टेप टाका, मधून चाला आणि डोळ्याच्या अंदाजाने दोन्ही बाजूला अडीच मीटरवर खडे टाकत जा, मग मोजा. केळीत बघायचं असेल तर लागवड पाच बाय पाच फुटांवर असते, म्हणजे ओळी दीड-दीड मीटरवर, टेप एका ओळीला लावली तर अडीच मीटर म्हणजे पुढची ओळ ओलांडून तिसऱ्या ओळीच्या अर्धा मीटर अलीकडे. हे एकदा डोक्यात बसलं की पाण्यात आपोआप दिसतं.

मासे ओळखायला जाती पाठ करू नका, आधी कुळं. पोपट माशाचे दात जुळून चोच झालेली असते. सर्जनफिशच्या शेपटीच्या बुडाशी धारदार काटा. फुलपाखरू मासा आणि एंजलफिश दोघेही चपटे, पण एंजलच्या गालाखाली मागे वळलेला काटा असतो, फुलपाखराला नाही. गोबरा तळाशी बसून राहतो, तांबोशी आणि तिचे भाऊबंद थोडे वर घोळक्याने.

तपासा: एंजलफिशचं पिल्लू आणि मोठा मासा वेगळ्याच रंगाचे असतात. पोपट मासे मादीचे नर होतात तेव्हा रंग बदलतात. यादीत "नवीन जात" वाढवायच्या आधी पिल्लू-मादी-नर तिन्ही चित्रं बघितली का?

५. पाण्यात, याच क्रमाने

आधी टेप. मी रीफ चेक या जगभर रीफ मोजणाऱ्या संस्थेची पद्धत वापरतो: १०० मीटरची टेप एकाच खोलीवर, त्यावर २० मीटरचे चार भाग आणि मध्ये ५ मीटरची मोकळी जागा. म्हणजे ० ते २०, २५ ते ४५, ५० ते ७०, ७५ ते ९५. टेप जिथे प्रवाळ छान दिसतंय तिकडे वळवायची नाही, ती सगळ्यात मोठी बेइमानी. खोली आणि दिशा ठरवा आणि सरळ जा, मग खाली वाळू येवो नाहीतर खडक. टोक मेलेल्या खडकाला बांधा, जिवंत प्रवाळाला कधीच नाही.

मग बाजूला व्हा आणि १५ मिनिटं थांबा. खरंच थांबा. टेप टाकताना मासे पळतात, काही उत्सुकतेने मागे येतात, लगेच मोजलं तर पळणारे कमी आणि चोंबडे जास्त असा हिशेब येतो.

नंतर मासे. मासे नेहमी आधी, तळ नंतर. एका वर्षी वेळ वाचवायला मी दोन पोरांना तळ मोजायला पुढे पाठवलं आणि मागून मासे मोजले, चार भागांत मिळून एक गोबरा. दुसऱ्या दिवशी त्याच जागी बरोबर क्रमाने मोजले तर सहा. समुद्र तोच, अक्कल वेगळी.

टेपच्या दोन्ही बाजूला अडीच मीटर, तळापासून वर पाच मीटर, एवढ्याच चौकोनातले मासे मोजायचे. पाणी गढूळ असेल आणि अडीच मीटर स्वच्छ दिसत नसेल तर एक-एक मीटर धरा, पण मग चारही भागांत आणि सगळ्या जागांवर तेच धरा आणि तसं लिहा. २० मीटरला आम्ही सहा-सात मिनिटं घेतो. पुढचे मोठे, पळणारे आधी, मग खालचे छोटे डॅमसेल. मागून येऊन तुम्हाला ओलांडून गेलेला मासा मोजायचा नाही, तो बहुतेक आधीच मोजलेला असतो. झुंड आली तर दहा मोजा, ते दहा किती जागेत मावतात ते डोळ्यात धरा आणि किती पट आहे ते बघा. मासे मोजणारा माणूस चारही भागांत एकच ठेवा.

मग तळ. दर अर्ध्या मीटरवर ओळंबा सोडा आणि नट ज्याला टेकेल तेच लिहा: कठीण प्रवाळ, मऊ प्रवाळ, नुकतंच मेलेलं प्रवाळ, शेवाळ, स्पंज, खडक, तुकडे, वाळू, गाळ, इतर. बाजूला दोन इंचावर सुंदर प्रवाळ आहे म्हणून ते लिहायचं नाही. पहिला बिंदू ०, शेवटचा १९.५, एकूण ४०. पोरं २० वरही एक टाकतात, मग ४१ होतात आणि टक्केवारी शंभरच्या वर जाते. ४० बिंदू असले की एक बिंदू म्हणजे अडीच टक्के, तोंडी हिशेब होतो.

शेवटी क्वाड्रॅटचे फोटो, चौकट पूर्ण दिसेल असे, सरळ वरून. इथेच रंग बघा. पांढरं प्रवाळ म्हणजे मेलेलं असं लिहू नका. पाणी तापलं की प्रवाळ आपल्या अंगातलं सूक्ष्म शैवाल बाहेर टाकतं, मग पारदर्शक कातडीतून पांढरा सांगाडा दिसतो, पण जीव अजून असतो आणि पाणी वेळेत थंडावलं तर परत सावरतो. मेलेल्यावर थोड्याच दिवसांत हिरवट-तपकिरी शेवाळाची बुरशीसारखी लव चढते. तेवढा फरक फोटोत मोठं करून बघा. क्वीन्सलँड विद्यापीठाच्या कोरलवॉचचा रंगतक्ता मिळाला तर फोटोत शेजारी धरा, म्हणजे "फिकट" शब्दाऐवजी नंबर लिहिता येतो.

सावधान: हात लावायचा नाही, कशालाच. नक्षीदार शंकूच्या आकाराचा शंख उचलू नका, काहींचा डंख जीवघेणा असतो. लायनफिश किंवा स्टोनफिशचा काटा लागला तर सोसवेल तितक्या गरम पाण्यात तो भाग बुडवा आणि थेट दवाखाना. नराराला कोणी पफरफिश हातात घेऊन फुगवून दाखवायला लागलं तर सरळ नको म्हणा. तिथे ओहोटी संपायच्या बरंच आधी परत फिरा, आखातात पाणी झपाट्याने चढतं.

आणखी एक, आपल्या लोकांच्या ध्यानात न येणारी गोष्ट. स्कूबा (पाठीवर हवेची टाकी घेऊन डाइव्ह) केलं असेल तर विमानासारखाच घाटसुद्धा नडतो, कारण उंचीवर हवेचा दाब कमी होतो. आंबोली साधारण ६९० मीटर उंच आहे, शेवटच्या डाइव्हनंतर लगेच गाडी काढून वर चढू नका. एका दिवसात अनेक डाइव्ह झाल्या असतील तर १८ तास खालीच काढा, मासे-भात खा, डेटा भरा.

६. त्याच संध्याकाळी डेटा

पाण्यातून आल्या-आल्या, कपडे बदलायच्याही आधी, प्रत्येक शीटचा मोबाईलवर फोटो. मग रूमवर एक जण वाचतो, दुसरा टाईप करतो. "जळगावला गेल्यावर भरू" म्हटलं की ते ३ आहे का ८ यावर भांडणं होतात, आणि तोवर शीट कोणीतरी घासून साफ केलेली असते.

एक्सेलमध्ये एका ओळीत एक नोंद: तारीख, जागा, खोली, दृश्यता, तापमान, भाग क्रमांक, मोजणारा, जात, लांबीचा गट, संख्या. आणि शून्य लिहा. ज्या भागात गोबरा दिसला नाही तिथे रिकामं सोडलं तर सरासरी काढताना एक्सेल तो भागच गाळतं. चार भागांत ४, ०, ०, ० असेल तर सरासरी १ आहे, रिकामं सोडलं तर ४ दाखवेल. अख्खा निष्कर्ष उलटा.

७. हिशेब

२० बाय ५ म्हणजे एका भागाचं क्षेत्र १०० चौरस मीटर, त्यामुळे "दर १०० चौरस मीटरला इतके" असं सरळ लिहिता येतं. एक-एक मीटर धरलं असेल तर क्षेत्र ४० आहे, आकडा अडीचने गुणायला विसरू नका.

वजनासाठी सूत्र: ग्रॅममधलं वजन बरोबर अ गुणिले लांबीचा ब वा घात. अ आणि ब प्रत्येक जातीचे वेगळे, फिशबेस या माशांच्या माहितीच्या वेबसाइटवर फुकट मिळतात. समजा अ ०.०२ आणि ब ३ आहे, तर २० सेंटीमीटरचा मासा १६० ग्रॅम आणि २४ चा २७६ ग्रॅम. लांबी गटात घेतली असेल तर गटाचा मध्य वापरा, कमाल आकडा नाही.

राहिली ती एक चूक जी एम.एस्सी.च्या पोरांकडूनही होते. एकाच टेपवरचे चार भाग म्हणजे चार जागा नव्हेत. माती परीक्षणाला आपण एका वाफ्याच्या चार कोपऱ्यांतली माती नेऊन "चार शेतांची आणली" म्हणत नाही, तसंच. आडोशाची आणि उघडी बाजू यांची तुलना करायची तर प्रत्येक बाजूला निदान तीन टेपा, एकमेकींपासून लांब. तेवढा वेळ नसेल तर तुलना करू नका, एका जागेचं वर्णन करा आणि रिपोर्टच्या मथळ्यातही तेवढंच लिहा. शीटचे फोटो शेवटी जोडा, व्हायव्हाला मी आधी तेच उघडतो.